धरण गेलं, पाणी ओसरलं. मग काठावर काय उगवतं?

जानेवारी २०२४ मध्ये क्लॅमथ नदीवरच्या धरणांमागचं पाणी सोडायला सुरुवात झाली आणि काही आठवड्यांतच तिथले निळे तलाव नाहीसे झाले. उरला तो तपकिरी, भेगाळलेला चिखल. ओरेगन आणि कॅलिफोर्निया या दोन अमेरिकी राज्यांमधून वाहत ही नदी पॅसिफिक महासागराला मिळते. तिच्यावरची चार जलविद्युत धरणं काढायची, हा निर्णय वर्षानुवर्षांच्या वादानंतर झाला होता. कॉप्को क्रमांक दोन हे सर्वांत छोटं धरण २०२३ मध्येच गेलं. कॉप्को क्रमांक एक, आयर्न गेट आणि जे. सी. बॉयल ही उरलेली तीन ऑक्टोबर २०२४ पर्यंत गेली.

त्या चिखलाची छायाचित्रं जगभर फिरली. हरणं चिखलात रुतल्याच्या बातम्या आल्या. हीच का नदीची सुटका, असं लोक विचारू लागले. पुढे त्याच वसंतात त्याच चिखलावर कॅलिफोर्निया पॉपीची नारिंगी फुलं डोलतानाची छायाचित्रं आली आणि दुसऱ्या बाजूचे लोक खूश झाले. दोन्ही छायाचित्रं खरी होती. पण चार महिन्यांच्या अंतराने काढलेल्या दोन छायाचित्रांवरून नदीकाठाबद्दल निकाल देणं म्हणजे पेरणी आणि पहिली खुरपणी बघून उतारा सांगण्यासारखं आहे.

शरद ऋतूत सामन मासे शतकाहून अधिक काळाने ओरेगनमध्ये पोचले, तेव्हा बातम्यांचा सगळा प्रकाश त्यांच्यावर गेला. ते साहजिकच होतं. वाट मोकळी झाली की मासा पोहत येतो, पण काठावरच्या झाडाला तसं येता येत नाही. म्हणून धरण काढल्यावर झाडांचं काय होतं, हा प्रश्न माशांपेक्षा जास्त किचकट आहे आणि माझ्या मते जास्त रंजकही.

उत्तर आधीच सांगून टाकतो. काठ हिरवा होतो, बहुतेक ठिकाणी अपेक्षेपेक्षा लवकर होतो. मात्र धरणापूर्वीचा काठ जसाच्या तसा परत येत नाही. येतो तो नवा काठ. तो कसा असेल हे प्रामुख्याने तीन गोष्टी ठरवतात: गाळाचा कण किती बारीक आहे, पाणी कधी चढतं-उतरतं, आणि बी कुठून येतं.

आधी धरण झाडांचं काय करतं ते पाहू

धरणाने जमीन बुडते, तिच्यावरचं जंगल जातं, हे कुणालाही दिसतं. कमी दिसणारा परिणाम जलाशयाच्या कडेला होतो. उन्हाळ्यात उजनी किंवा जायकवाडीच्या काठाला गेलात तर पूर्ण भरल्याची खूण आणि आत्ताचं पाणी यांच्यामध्ये एक रुंद, जवळजवळ उघडा पट्टा दिसतो. तिथे वर्षातले काही महिने पाणी असतं आणि काही महिने रखरखाट. दोन्ही सोसू शकेल असं मोठं झाड सहसा मिळत नाही. नैसर्गिक नदीकाठी पाण्यापासून वर चढत जावं तसे गवत, झुडपं आणि झाडं असे थर लागतात. जलाशयाच्या कडेला हा क्रम मोडतो.

धरणाच्या खालच्या अंगाला वेगळाच प्रकार असतो. नदी पाण्याबरोबर वाळू, गोटे, वाहून आलेले ओंडके आणि बियाही नेत असते. धरण हे सगळं अडवतं. खाली जातं ते स्वच्छ, पण एका अर्थाने भुकेलं पाणी. ते पात्रातली बारीक माती उचलतं आणि मागे मोठे गोटे ठेवतं. पूर अडवला जात असेल तर वाळूची नवी बेटं तयार होणं थांबतं. मग जुन्या काठावरची झाडं म्हातारी होत राहतात आणि त्यांच्या पोरांना जागा मिळत नाही.

याचं नेमकं उदाहरण म्हणजे उत्तर अमेरिकेतलं कॉटनवुड, पॉपलरच्या कुळातलं झाड. वसंतात डोंगरावरचं बर्फ वितळून पूर येतो आणि तो उतरू लागतो, नेमक्या त्या सुमारास हे झाड कापसासारख्या बिया सोडतं. बी जेमतेम काही आठवडे जिवंत राहतं. त्याला पुराने धुऊन काढलेली, ओली, उघडी माती लागते. रुजल्यावर पाणी हळूहळू खाली जायला हवं, कारण रोपाचं मूळ त्या ओलीचा पाठलाग करत खाली जातं. दिवसाला साधारण अडीच सेंटिमीटरपर्यंत पातळी उतरली तर मूळ पोचतं. त्याहून भराभर उतरली तर रोप वाळतं. आता धरणातून विजेच्या मागणीप्रमाणे पाणी सोडलं, सकाळी वर आणि दुपारी खाली, तर त्या रोपाचं काय होईल ते सांगायला नको. मोठी झाडं उभी असतात, काठ हिरवा दिसतो आणि तरीही तिथे वर्षानुवर्षं एकही नवं रोप लागलेलं नसतं.

सगळी धरणं अशी नसतात, हे मात्र लक्षात ठेवायला हवं. काही धरणं पाणी फारसं साठवत नाहीत. जितकं येतं तितकं पुढे जाऊ देतात. तिथे पुराची वेळ बदलत नाही, पण गाळ आणि ओंडके अडतातच. धरण काढल्यावर काय बदलेल हे त्या धरणाने मुळात काय बिघडवलं होतं यावर अवलंबून असतं.

एल्व्हा: सर्वांत नीट मोजलेली नदी

या विषयावर आज जे माहीत आहे त्यातलं बरंचसं वॉशिंग्टन राज्यातल्या एल्व्हा नदीने शिकवलं. ऑलिंपिक पर्वतात उगम पावणारी ही जेमतेम ७२ किलोमीटरची नदी. तिच्यावर १९१३ मध्ये एल्व्हा धरण झालं आणि १९२७ मध्ये वरच्या बाजूला ६४ मीटर उंचीचं ग्लाइन्स कॅन्यन धरण. नदीच्या मुखाशी राहणाऱ्या लोअर एल्व्हा क्लॅलम जमातीची त्यामुळे मासेमारी गेली, पूर्वजांच्या जागा बुडाल्या. १९९२ मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा करून नदी पूर्ववत करण्याचा मार्ग मोकळा केला. धरणं पाडायला सप्टेंबर २०११ मध्ये सुरुवात झाली आणि ऑगस्ट २०१४ मध्ये काम संपलं.

कायदा आणि पहिला घाव यांत १९ वर्षं गेली. तो वेळ पूर्ण वाया गेला असं म्हणता येणार नाही, कारण संशोधकांना आधीची स्थिती मोजून ठेवता आली. धरणाच्या वर आणि खाली पाण्यातून वाहणाऱ्या बियांची तुलनाही झाली. धरणाच्या खाली बियाही कमी होत्या आणि जातीही कमी होत्या. नदी बिया वाहून नेते हे तर्काने कळतंच. धरण त्या अडवतं हे इथे मोजून दिसलं.

पाणी ओसरल्यावर सुमारे ८०० एकर तळ उघडा पडला. खालच्या, अल्डवेल तलावाच्या तळातून शंभर वर्षांपूर्वी तोडलेल्या प्रचंड झाडांचे बुंधे वर आले. लाकूडतोड्यांनी उभं राहायला फळ्या खोचण्यासाठी पाडलेल्या खाचाही त्यांवर तशाच होत्या. क्लॅलम लोकांच्या परंपरेत जिथे माणूस घडवला गेला असं मानतात, ती पवित्र जागाही पाण्याबाहेर आली. दोन्ही धरणांमागे मिळून सुमारे २ कोटी १० लाख घनमीटर गाळ साठलेला होता, त्यामुळे बाकी जमीन मात्र ओळखू येत नव्हती.

तळ सगळीकडे सारखा नसतो

धरण काढल्यावर उघडा पडणारा तळ म्हणजे एकसारखा चिखल, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात नदीने तो शंभर वर्षं उफणून ठेवलेला असतो. खळ्यावर वाऱ्यात धान्य उफणताना दाणे जवळ पडतात आणि भुसा लांब जातो. वेगाने येणारी नदी तलावाच्या संथ पाण्यात शिरली की तसंच होतं. गोटे आणि जाड वाळू तोंडाशीच पडतात, बारीक पोयटा आणि चिकणमाती तरंगत तरंगत पार धरणाच्या भिंतीपर्यंत आणि कडेच्या उतारांवर जाऊन बसते.

एल्व्हावर या फरकाने सगळं ठरवलं. कडेच्या उतारांवर बारीक माती होती, ती ओल धरून ठेवते. शेजारी जुनं जंगल उभं होतं. तिथे माणसाने फार काही न करताच रोपं आली. रेड अल्डर, विलो (आपल्या वाळुंजाची भावंडं) आणि कॉटनवुड यांनी पाच-सहा वर्षांत तिथे दाट झाडी केली. नदी मोकळी होताच तिने मधल्या गाळात खोल वाट कापली आणि दोन्ही बाजूंना वाळू-गोट्यांचे उंच कट्टे मागे राहिले. त्यांचा वरचा भाग पाण्यापासून कित्येक मीटर उंच, त्यात सेंद्रिय अंश नाही, नत्र नाही, आणि पाऊस पडला तर पाणी सरळ खाली झिरपून जातं. शिवाय जंगलाची कड लांब. तिथे वर्षानुवर्षं उघडे पट्टे राहिले. एकाच तलावाच्या तळात, हाकेच्या अंतरावर, एकीकडे दाट झाडी आणि दुसरीकडे जवळपास वाळवंट.

हा फरक कळला की क्लॅमथचा चिखल वेगळा का वागतो तेही कळतं. तिथल्या तलावांत दर उन्हाळ्यात शेवाळ माजत असे आणि मेलेलं शेवाळ तळाशी बसत असे. त्यामुळे तिथला गाळ बहुतांशी अतिशय बारीक आहे. ओला असताना बी टाकलं तर रुजतं. वाळला की कडक होतो, भेगाळतो आणि बी वरच पडून राहतं. म्हणून पाणी उतरत होतं तसतसे पेरणी करणारे त्याच्या मागोमाग गेले, हाताने बी फेकत. जिथे माणूस पोचू शकत नव्हता तिथे हेलिकॉप्टरने पेरलं.

बी येतं कुठून?

तळाखाली गाडलेली जुनी माती आहे, तिच्यात जुन्या बिया असतील, त्या उगवतील, अशी एक रम्य कल्पना असते. काही पाणथळ गवतांच्या आणि लव्हाळ्यांच्या बिया चिखलात दीर्घकाळ टिकतात हे खरं. पण जंगली झाडांच्या बहुतेक बिया शंभर वर्षं पाण्याखाली आणि कित्येक मीटर गाळाखाली जिवंत राहत नाहीत. जे उगवतं ते जवळपास सगळं बाहेरून आलेलं असतं.

वारा अल्डर, विलो, कॉटनवुडच्या हलक्या बिया आणतो. पक्षी, उंदीर आणि खारी बेरीच्या आणि जड बिया आणतात, पण उघड्यावर त्यांना शिकाऱ्याची भीती असते. ते तिथवर जावेत म्हणून त्यांना आडोसा लागतो. एल्व्हावर यासाठी मोठे ओंडके हेलिकॉप्टरने उचलून कट्ट्यांवर टाकले गेले. ओंडक्याच्या सावलीत ओल टिकते, वाऱ्याने आलेलं बी अडकतं आणि पक्ष्याला बसायला जागा होते. उघड्या तळावर कोवळा पाला दिसताच एल्क नावाची मोठी हरणं चरायला आली, तेव्हा पडलेल्या ओंडक्यांच्या मधलं रोप त्यांच्या तोंडातून वाचायलाही मदत झाली.

आणि नदी स्वतः. वरच्या जंगलातलं बी शंभर वर्षं धरणाच्या भिंतीशी थांबत होतं, ते आता खालपर्यंत वाहत जाऊ लागलं.

आपोआप उगवत असेल तर पेरायचं कशाला?

हा आक्षेप रास्त आहे आणि त्याचं एकच उत्तर नाही.

फ्रान्सच्या नॉर्मंडीतल्या सेल्यून नदीवरचं वेझँ धरण २०१९-२० मध्ये काढलं. ते ३६ मीटर उंच होतं. तिथल्या तळावर मोठी लागवड करावी लागली नाही. बारीक, ओलसर, पोषक गाळावर पहिल्याच हंगामापासून गवतं आणि पाणथळ वनस्पती आल्या, मागोमाग विलो आले. काहीच करू नका, फक्त बघत राहा, असं म्हणणाऱ्यांसाठी हे चांगलं उदाहरण आहे.

दुसऱ्या टोकाला अमेरिकेतलं विस्कॉन्सिन राज्य. तिथे दशकानुदशकं छोटी जुनी धरणं काढली जात आहेत. अशा अनेक जागांची पाहणी झाली तेव्हा उघडी माती जवळजवळ कुठेच उरलेली नव्हती. सगळीकडे हिरवळ होती. पण बऱ्याच ठिकाणी ती हिरवळ म्हणजे रीड कॅनरी ग्रास नावाच्या एकाच उंच गवताची गर्दी होती. ते एकदा माजलं की दुसऱ्या कशाला वर येऊ देत नाही. आसपासच्या शेतीतून आलेला खतयुक्त गाळ त्याला मानवतो. दुरून हिरवं दिसलं म्हणून बरं चाललंय असं समजणाऱ्यांनी विस्कॉन्सिन आठवावं.

म्हणजे प्रश्न उगवण्याचा नसतो, पहिल्यांदा कोण उगवतं याचा असतो. उघडी जमीन ज्याच्या हाती पहिली लागते तो बराच काळ ती सोडत नाही. आसपास तण कमी आणि चांगलं जंगल जवळ असेल तर सोडून द्यावं. आसपास तणच माजलेलं असेल तर आधी पोचावं लागतं.

क्लॅमथच्या आसपास यलो स्टार थिसल, मेड्युसाहेड, चीटग्रास ही परदेशी तणं पसरलेली आहेत. म्हणून धरणं पडण्याच्या कितीतरी आधीपासून युरोक जमातीच्या तुकड्यांनी खोऱ्यातून स्थानिक वनस्पतींचं बी गोळा करायला सुरुवात केली. सुमारे १०० जाती निवडल्या. जंगलातून मिळणारं बी पुरणार नव्हतं, म्हणून ते शेतांत लावून वाढवलं आणि त्यातून १७ ते १९ अब्ज बिया तयार झाल्या. पहिल्या वसंतातले ते नारिंगी पट्टे या पेरणीतले होते. बिया गोळा करणारे हात त्याच खोऱ्यातल्या लोकांचे होते, ही गोष्ट मला आकड्याहून मोठी वाटते. कुठल्या उतारावर काय उगवत असे आणि ते कधी पिकतं, हे त्यांना ठाऊक होतं.

एल्व्हावर मधला मार्ग घेतला गेला. ओल्या, बारीक मातीच्या उतारांना बरंचसं त्यांच्या हालावर सोडलं आणि लागवडीचा जोर अवघड जागांवर ठेवला. काही वर्षांत तीन लाखांहून जास्त रोपं लावली गेली. त्यांतली बरीच जगली, पण वाळू-गोट्यांच्या कट्ट्यांवर खरी बाजी मारली ती बी फेकून लावलेल्या नदीकाठच्या लुपिनने. लुपिन म्हणजे शेंगवर्गीय झुडूप, आपल्याकडे जमिनीत गाडण्यासाठी पेरतात त्या ताग आणि धैंचाच्या कुळातलं. मुळांवरच्या गाठींतले जीवाणू हवेतला नत्र धरून ठेवतात, त्यामुळे निकस वाळूतही ते फोफावतं आणि मागे येणाऱ्यांसाठी माती तयार करतं. रोपवाटिकेत वाढवलेल्या महागड्या झाडापेक्षा मूठभर बी उपयोगी ठरलं. लागवडीचे आकडे मिरवणाऱ्या कुठल्याही खात्याने हे एकदा वाचावं.

धरणाच्या खाली: आधी मोडतोड, मग नवी जागा

अडवलेला गाळ सुटतो तो खाली जातो. एल्व्हावर पहिल्या पाच वर्षांत साठलेल्या गाळापैकी सुमारे दोन तृतीयांश धुपून गेला आणि त्यातला बहुतेक भाग थेट समुद्रात पोचला. वाटेत त्याने पात्र भरून वर उचललं, नव्या वाटा काढल्या, काठची काही झाडी गाडली, काही उपटून नेली. त्या काळात तिथे गेलेल्याला हा विध्वंसच वाटला असता.

पण कॉटनवुडचं बी काय मागतं ते आठवा: उघडी, ओली, ताजी वाळू. कित्येक दशकांत नदीने खालच्या भागात अशी जागा फारशी तयार केली नव्हती. आता वाळूची बेटं आली, त्यांच्यावर नवी रोपं आली. मुखाशी तर समुद्राने खात नेलेला किनारा पुन्हा पुढे सरकला, नवी जमीन तयार झाली आणि तिच्यावर पाणथळ गवतं आणि विलो उभे राहू लागले. नदीकाठची झाडी ही मोडण्यावर जगणारी झाडी आहे. आपल्या सह्याद्रीतल्या नद्यांच्या खडकाळ पात्रात शेरणीची झुडपं पाहिली असतील तर हे पटेल: दर पावसाळ्यात ती पाण्याखाली आडवी होतात, पाणी उतरलं की उभी राहतात, आणि तिथे पूर येतो म्हणूनच दुसरं मोठं झाड त्यांना हुसकावत नाही.

पण काही झाडं मरणारच ना?

हो. आणि धरण काढण्याच्या बाजूचे लोक हे पुरेसं मोकळेपणाने सांगत नाहीत.

तलावाच्या फुगवट्याच्या तोंडाशी, जिथे नदी आत शिरते, तिथे गाळ साचून दशकांमध्ये छान पाणथळ तयार झालेलं असतं. पक्षी येतात, लव्हाळी माजते. पाणी उतरलं की ते सुकतं. तलावामुळे आसपासची भूजलपातळी वर आलेली असते, तिच्या आधाराने काठावर वाढलेली मोठी झाडंही ताण खातात, काही वाळतात. पन्नास-साठ वर्षांचं जिवंत पाणथळ घालवून त्याच्या बदल्यात अजून न आलेल्या काठाचं आश्वासन घ्यायचं, हा सौदा प्रत्येक ठिकाणी फायद्याचा असेलच असं नाही. पाणी हळूहळू, टप्प्याटप्प्याने उतरवलं तर मुळांना खाली जायला थोडी उसंत मिळते. पण टप्पे ठरवताना सहसा झाडांपेक्षा माशांचा हंगाम आणि गाळाचा हिशोब पाहिला जातो. क्लॅमथचं पाणी ऐन हिवाळ्यात सोडलं ते माशांना गाळाचा त्रास कमी व्हावा म्हणून.

शंभर वर्षांपूर्वीचं जंगल परत येईल का?

अल्डवेलच्या तळावरचे ते बुंधे सिडरसारख्या महावृक्षांचे होते. तशी झाडं व्हायला शतकं लागतात. आज तिथे अल्डर आणि कॉटनवुड आहेत. त्यांच्या सावलीत डग्लस फर आणि सिडर येतील अशी अपेक्षा आहे. पण ती जमीनच आता तीच नाही. काही ठिकाणी जुन्या मातीवर कित्येक मीटर गाळ बसला आहे, आसपास तेव्हा नसलेली तणं आहेत, उन्हाळे अधिक तापतात, आणि नदीनेही आपली वाट जुन्या जागीच पुन्हा धरलेली नाही. म्हणून जाणकार हल्ली जुनं जंगल परत आणण्याचं बोलत नाहीत. नदीला पुन्हा पूर आणता येतो का, गाळ हलवता येतो का, बी वाहता येतं का, हे ते बघतात.

सामनचाही यात वाटा आहे. हे मासे समुद्रात वाढतात, नदीत अंडी घालून मरतात. अस्वलं आणि पक्षी त्यांना काठावर ओढून नेतात आणि समुद्रातला नत्र जंगलाच्या मातीत मिसळतो. हा व्यवहार पुन्हा सुरू झाला तरी झाडांवर त्याचा परिणाम दिसायला मोठा काळ जाईल.

आपल्याकडे याचा काय संबंध?

देशात सर्वांत जास्त मोठी धरणं महाराष्ट्रात आहेत. त्यांतली बरीच काढायची वेळ आलेली नाही आणि ज्यांच्यावर शहरांचं पिणं आणि शिवारांचं भिजणं अवलंबून आहे ती काढा असं म्हणण्यात अर्थही नाही. पण गाळाने भरलेले, निकामी झालेले जुने छोटे बंधारे आहेत. युरोपात दरवर्षी शेकड्यांनी काढले जातात ते प्रामुख्याने असेच अडथळे: २०२३ मध्ये ४८७.

पाणी ओसरलेला तळ आपल्याला नवा नाही. जलाशय उतरला की उघडी पडणारी जमीन गाळपेर म्हणून एका हंगामासाठी कसायला दिली जाते, आणि तिच्यावर पहिला हक्क धरणग्रस्तांचा मानला जातो. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे बर्गे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, पावसाळ्याआधी काढतात, पावसाळा संपला की घालतात. म्हणजे एक छोटं धरण दरवर्षी काढलं आणि बांधलं जातं. त्याच्या काठावर वर्षानुवर्षं काय उगवतं आणि काय उगवत नाही, हे बघायला अमेरिकेला जायची गरज नाही.

फरकही मोठा आहे. तिथे वसंतात बर्फाचं पाणी हळूहळू उतरतं. आपल्याकडे चार महिने लोंढा आणि मग आठ महिने कोरड. काठावर उंबर, करंज, जांभूळ, वाळुंज आपापल्या उंचीवर उभे असतात, पण उघड्या गाळावर त्यांच्या आधी बेशरम, वेडी बाभूळ आणि गाजरगवत पोचेल, असा माझा अंदाज आहे, आणि कुठल्याही मोठ्या जलाशयाच्या कडेने चक्कर मारली की तो फारसा धाडसी वाटत नाही. अशा ठिकाणी विस्कॉन्सिनची गत व्हायला वेळ लागणार नाही.

शिवाय आपल्या तळावर झाडांच्याही आधी माणूस पोचेल. क्लॅमथकाठची सुमारे २,८०० एकर जमीन शास्ता जमातीला परत देण्याचा निर्णय कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये जाहीर केला, कारण ती मुळात त्यांच्याकडून गेली होती. आपल्याकडे एखादा जुना तलाव कायमचा रिकामा झाला, तर ती जमीन पाटबंधारे खात्याची राहणार, दोन पिढ्यांपूर्वी उठवलेल्या कुटुंबांची होणार, की एकसाली गाळपेर करणाऱ्याची? पाण्याच्या कडेचा दहा-वीस मीटरचा पट्टा झाडीसाठी सोडायचा की नाही, हेही त्याच टेबलावर ठरेल, आणि पहिला पाऊस पडण्याआधी ठरवावं लागेल.